टबातली खाडी

रात्रीचं जेवण आटोपलं असेल, घरातला टीव्ही बंद झाला असेल, तर मागच्या पडवीत या. टबासमोर पाट मांडा आणि बसा. पहाटेच्या भरतीला नांदगावला किंवा केळव्याला गरवायला जायचं आहे. गळ, दोरी, शिसं सगळं पिशवीत भरून झालं आहे. संध्याकाळी खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून आणलेली कोळंबी या टबात आहे आणि तिला सकाळपर्यंत जगवायचं आहे. काम एवढंच. पण हात घालण्याआधी थोडा वेळ नुसतं बघण्यात घालवा. मोबाइल आत राहू द्या.

आधी दिवा मालवा. डोळे अंधाराला सरावले की बॅटरी टबाच्या कडेला आडवी धरून लावा. पाण्यात नारिंगी-तांबूस ठिपके चमकतील, जोडीजोडीने. ते कोळंबीचे डोळे. ती दिवसा गाळात दडून राहते आणि रात्री हिंडते. म्हणजे तिच्या जागेपणी तुम्ही तिच्यासमोर आला आहात. बॅटरीच्या तोंडावर रुमाल धरा, उजेड मंद होऊ द्या. आता सगळ्यांकडे बघू नका. एक कोळंबी निवडा आणि नजर तिच्यावर ठरवा.

खाडीतल्या लहान कोळंबीच्या अंगातून आरपार दिसतं. डोक्यावरचं कवच जिथे संपतं तिथे, पाठीच्या बाजूला, काहीतरी सारखं थरथरतंय ते पाहा. ते तिचं हृदय. पोटाखाली पायांची रांग आहे, ती एका लयीत मागे-पुढे होते. कल्ले कवचाखाली झाकलेले असल्यामुळे दिसणार नाहीत. पण तोंडाजवळ एक पातळ, चपटा अवयव अखंड हलत असतो आणि त्यांच्यावरून पाणी ओढत असतो. त्याचं काम दिवसरात्र चालतं. मिशा हलताहेत का, ती पायांवर सरळ उभी आहे का, एवढं पाहा. ती आडवी पडली असेल, किंवा शेपटीकडचं मांस दुधाळ पांढरं दिसू लागलं असेल, तर तिला काहीतरी सोसवत नाही. कसला आवाज येणार नाही, धडपडही फारशी दिसणार नाही. म्हणून हे बघणं शिकावं लागतं.

आता तुमच्या स्वतःच्या श्वासाकडे या. एक श्वास आत घ्या आणि हळू सोडा. पडवीतली एक लिटर हवा घेतली तर तिच्यात प्राणवायू साधारण २७० मिलिग्रॅम असतो. तुमच्यासमोरच्या खाऱ्या पाण्याचं एक लिटर घेतलं, आणि पाणी ३० अंश सेल्सिअसला असलं, तर त्यात प्राणवायू मावतो जेमतेम ६ मिलिग्रॅम. तोही पाणी हवेशी पुरतं घुसळलं गेलं असेल तर. चाळीस पटींहून मोठा हा फरक आहे. आणखी एक श्वास घ्या आणि तो आकडा मनात फिरू द्या. तुम्ही ज्या सढळ साठ्यातून श्वास घेता, त्याच्या चाळिसाव्या हिश्शावर ती कोळंबी जगते आहे. त्यातला वाटा तिच्या शेजारणीही घेत आहेत.

पाणी तापलं की हा साठा आणखी आटतो. २५ अंशांना तेच खारं पाणी साधारण पावणेसात मिलिग्रॅम धरून ठेवतं. ३० अंशांवर ते सव्वासहाच्या खाली येतं. उलट शरीराची गरज वाढते. पाण्याचं तापमान दहा अंशांनी चढलं की थंड रक्ताच्या जिवाची प्राणवायूची भूक जवळपास दुप्पट होते. साठा कमी आणि भूक जास्त, हे दोन्ही एकाच वेळी घडतं. एप्रिल-मे महिन्यांत बोईसरच्या पत्र्याच्या पडवीत ठेवलेला टब पहाटेआधी का मरतो, त्याचं कारण यात आहे. समोर तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात १९६९पासून समुद्राचं पाणी वाफ थंड करायला घेतलं जातं आणि ते कोमट होऊन समुद्रात परत जातं. अशा परत जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती वाढावं यावर कायद्याने मर्यादा आहे. ती मर्यादा कशासाठी असते हे टबासमोर बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

मनगट टबाच्या बाहेरच्या बाजूला लावून पाहा. आत बुडवू नका. हाताला साबण असतो, तेल असतं, तंबाखू असते, मच्छर पळवायचं मलम असतं. बाहेरून गार लागतंय का, एवढंच बघा. मच्छरांची अगरबत्ती किंवा फवारा पडवीत चालू असेल तर तो आत्ताच बंद करा. त्यातलं औषध किड्यांसाठी केलेलं असतं, आणि कोळंबी किड्यांच्या फार जवळच्या नात्यातली आहे. माणसाला ज्याचा नुसता वास येतो तेवढ्याने ती मरते.

बुडबुड्यांकडे आता लक्ष द्या. हवेच्या पंपाची नळी, टोकाला सच्छिद्र दगड, आणि त्यातून वर येणारी बारीक बुडबुड्यांची माळ. पुष्कळांना वाटतं की प्राणवायू त्या बुडबुड्यांतूनच पाण्यात शिरतो. थोडा शिरतोही. पण मोठं काम होतं ते वरच्या पृष्ठभागावर. बुडबुडे तळाचं पाणी वर आणतात, वरचा थर मोडतात, आणि हवेला नवं पाणी भेटत राहतं. म्हणून खोल, अरुंद बादलीपेक्षा उथळ, पसरट टब बरा. गोल असेल तर आणखी बरा. चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कोळंबी दाटीने जमते आणि तिथल्या पाण्यातला प्राणवायू आधी संपतो. तो पाण्याचा फुटणारा, जोडला जाणारा पृष्ठभाग दोन-तीन मिनिटं शांतपणे पाहा. त्या पातळ थरावर टबातला प्रत्येक जीव टांगलेला आहे.

आणि लाईट गेली तर? पालघर जिल्ह्यात पावसाळ्याच्या रात्री हा प्रश्न कुणाला नवा नाही. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो, पॉवर बँकेवर चालणाराही मिळतो, तो जवळ असू द्यावा. तो नसेल तर मग घ्या. टबातलं पाणी मगाने उचला आणि वीतभर उंचीवरून परत त्यातच सोडा, धार बारीक ठेवून. असं करत राहा. बंगालमध्ये मत्स्यबीज हंड्यांतून रेल्वेने नेणारी माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली. प्रवासभर हंडीतलं पाणी हाताने हलवत, थोपटत बसायचं, झोपायचं नाही. कुठल्याही यंत्राशिवाय लाखो पिल्लं तळ्यांपर्यंत पोचली ती अशा हातांमुळे. मग उचलणं आणि सोडणं सुरू केलं की आपला श्वासही त्या लयीला लागतो. लाईट येईपर्यंत तिथेच बसावं.

आता थोडं पुढे वाका आणि पाण्याचा वास घ्या.

ताज्या खाडीच्या पाण्याला चिखलाचा आणि मिठाचा वास असतो. तो आपल्या नाकाला ओळखीचा आहे. त्यात काही आंबूस, उग्र मिसळलंय का? पाण्यावर फेस साचलाय आणि बुडबुडे फुटायला वेळ लावताहेत का? असं असेल तर पाण्यात शरीराने टाकलेलं पुष्कळ काही साठलं आहे. आपण नत्राचा मळ मूत्रातून बाहेर टाकतो. कोळंबी आणि मासे तो अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतात. ज्या कल्ल्यांनी श्वास आत येतो त्याच कल्ल्यांनी विष बाहेर जातं. खाडीत ते ओहोटीबरोबर निघून जातं. टबात ते जात नाही; तिथेच राहतं, आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येतं. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका त्या अमोनियाचा अधिक भाग जहाल रूपात असतो. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. पाणी नितळ दिसत असतानाच ते मारक झालेलं असू शकतं.

या ठिकाणी जरा थांबा. कारण टबातला सगळ्यात विलक्षण भाग इथे आहे आणि तो दिसणारा नाही.

टब कायमचा ठेवायचा असेल, म्हणजे दर आठवड्याला कोळंबी आणून दोन-चार दिवस जगवायची असेल, तर लोक त्यात गाळणी बसवतात. एक लहान प्लास्टिकची बरणी, तिला भोकं, आत स्पंजाचे तुकडे आणि शिंपल्यांचा चुरा, मधून हवेची नळी. हवा वर जाताना पाणी स्पंजातून ओढलं जातं. मासे ठेवणाऱ्या नवख्याला वाटतं की स्पंज कचरा अडवतो म्हणून पाणी स्वच्छ राहतं. खरं काम करतात स्पंजाला चिकटलेले जिवाणू. त्यांतली एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच सुसह्य. कुणीही त्यांना आणून सोडलेलं नसतं. ते पाण्याबरोबर आलेले असतात आणि खायला मिळालं की वाढतात, पण सावकाश. नव्या टबात त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरावा लागतो: थोडी कोळंबी, रोज थोडं पाणी बदलणं, आणि रात्री काही खायला न घालणं. शिंपल्यांचा चुराही नुसता भरीला नाही. पाणी आंबट होऊ लागलं की तो हळूहळू विरघळून त्याचा तोल राखतो.

हौशी माणूस एक दिवस सगळं साफ करायला काढतो. टब घासतो, स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. सूर्या प्रकल्पाचं पाणी असो की ग्रामपंचायतीने टीसीएल टाकलेल्या विहिरीचं, ते माणसाला सुरक्षित करण्यासाठी केलेलं असतं, आणि जंतू मारताना ते हे जिवाणूही मारतं. दीड महिन्यात उभं राहिलेलं सगळं एका धुण्यात जातं. स्पंज धुवायचाच असेल तर टबातून काढलेल्या जुन्याच पाण्यात दोनदा दाबा आणि परत ठेवा. थोडा मळ राहू द्या. नळाचं गोडं पाणी टबात घालायचं असेल तर ते आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून हवा सोडत ठेवा, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारायचं हायपो मिळतं ते चिमूटभर वापरा. टबातलं पाणी आटलं म्हणून खारं पाणी भरू नये, हेही लक्षात असू द्या. वाफ होऊन जातं ते गोडं पाणी. मीठ मागेच राहतं. खाऱ्यावर खारं घालत गेलं तर आठवड्याभरात त्या टबात मिठागर तयार होतं.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय असो की तुमच्या पडवीतला निळा टब, काम तेच: पाणी हलतं ठेवायचं, त्यातला मळ कुणीतरी पचवत राहील असं बघायचं, आणि न पचलेला भाग बदलायचा. टबात भरती येत नाही. तिचं काम बादलीने करावं लागतं. रोज चौथा हिस्सा पाणी काढा आणि खाडीतून आणून ठेवलेलं तेवढंच घाला, हळूहळू, कडेने.

भांड्याविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती जीव तोडून सांगतो. बोईसरला भंगारवाल्यांकडे प्लास्टिकची निळी पिंपं स्वस्तात मिळतात. मोठी, भक्कम, झाकणाची. त्यात काय भरलेलं होतं ते बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडत राहतं. कितीही धुतलं तरी. असं पिंप टबासाठी घेऊ नका, आणि पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यासाठी तर अजिबात घेऊ नका. खाण्याच्या वस्तूंचं, लोणच्याचं, तेलाचं पिंप मिळालं तर ते चालेल. तांब्या-पितळेचा कोणताही तुकडा पाण्यात असू नये. तांब्याचा अंश कोळंबीला फार लवकर बाधतो.

पहाट होत आली की टबातून खोक्यात न्यायची वेळ येते. झाकणाचा बर्फाचा डबा किंवा थर्माकोलचं जाड खोकं, त्यात टबातलंच पाणी. इथे माणसं बर्फ आणून थेट पाण्यात टाकतात. बर्फ वितळतो तसं पाणी पातळ होतं, त्यातला क्लोरीन उतरतो आणि तापमान धाडकन पडतं. तीन वार एकदम. त्याऐवजी आदल्या रात्री प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ठेवा आणि झाकण घट्ट लावलेली ती बाटली खोक्यात सोडा. अर्ध्या तासात दोन-तीन अंशांहून जास्त उतरू देऊ नका. माणसाचं शरीर बाहेर काहीही असलं तरी स्वतःला ३७ अंशांवर धरून ठेवतं. तिच्या शरीराला ही सोय नाही. पाणी ज्या अंशाला, त्याच अंशाला तीही. बाटली आत सोडल्यावर खोक्याजवळ थांबा, पंप चालू आहे ना ऐका, आणि तिच्या अंगातली धडधड बदलायला वेळ द्या. घाई असेल त्या दिवशी बाटली न टाकता ओल्या गोणपाटात खोकं गुंडाळून न्यावं, ते बरं.

आमिषाला चिंबोरी किंवा निवट्या नेत असाल तर त्यांची गोष्ट वेगळी आहे. चिंबोरीचे कल्ले ओले राहिले की ती हवेतल्या प्राणवायूवर दिवस काढते. ओलं गोणपाट, सावली, आणि वर तिवराची पानं. तिला बादलीभर साचल्या पाण्यात बुडवून ठेवली तर थोड्या वेळात त्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि ती गुदमरते. पाण्याचा जीव पाण्यात ठेवून मारला असं होतं. निवटीही ओल्या चिखलातली. अंगाच्या आणि तोंडाच्या ओल्या कातडीतून ती श्वास घेते. तिला तळाशी बोटभर पाणी आणि वर चढायला एक काठी पुरते. जवळा मात्र जिवंत नेण्याचा हट्ट धरू नये. तो जाळ्यातून काढल्याबरोबरच मरतो.

आता त्या निवडलेल्या कोळंबीकडे परत या. ती सापडेल असं नाही. एवढ्या वेळात ती हिंडली असेल. दुसरी एखादी निवडा. आणि आत्तापर्यंत बाजूला ठेवलेला विचार समोर घ्या: रात्रभर हिला जपायचं आणि सकाळी गळाला लावायचं.

या विचारापासून पळू नका. लगेच उत्तरही देऊ नका. थोडा वेळ तो तसाच राहू द्या.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी २०२१मध्ये तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासून खेकडे, कोळंबी, माकूळ यांना वेदना जाणवते का, याचा अहवाल ब्रिटिश सरकारला दिला. खेकड्यांबद्दलचे पुरावे भक्कम निघाले. आपल्या टबातल्या कोळंबीच्या कुळाबद्दल अभ्यासच थोडे झालेत, म्हणून ते पुरावे तेवढे भक्कम नाहीत. तरीही २०२२मध्ये ब्रिटनच्या संसदेने केलेल्या कायद्यात संवेदना असलेल्या प्राण्यांत या सगळ्यांना धरलं गेलं. मी मासे खातो आणि गळ टाकतो. या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांचं, वैतींचं, कोळ्यांचं घर समुद्रावर चालतं, आणि त्या जगण्याला कुणी दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण गळाला लावण्याआधीची रात्र तिने गुदमरून काढावी, याची गरज मला कुठेच दिसत नाही. त्यातून कुणाचं पोट भरत नाही. ते निव्वळ दुर्लक्ष असतं.

म्हणून आधी ठरवा, जिवंत आमिष खरंच लागणार आहे का. शिंगाळ्याला मेलेली, वास सुटलेली कोळंबीही चालते. जिताडा हलत्या चाऱ्यावर धावतो. त्याच्यासाठी जिवंत कोळंबी लागते. तिथे गळ लावताना डोक्यातला काळसर ठिपका टाळा, शिंगाखालच्या कवचातून बारीक गळ काढा. तिथे कमी इजा होते आणि ती पोहत राहते. ओल्या हाताने धरा, लवकर सोडा. गरवण्यातलं कौशल्य लोक दोरी लांब फेकण्यात शोधतात. मला ते या दोन बोटांत दिसतं.

अजून एक गोष्ट त्या टबात आहे, ती आता पाहा. खाडीतून पागलेली बहुतेक कोळंबी वयाने लहान असते, आणि ती तिथली जन्माची नसते. तिची आई बाहेर समुद्रात अंडी सोडते. केसाएवढी पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांत आडोशाला वाढतात, आणि अंगात जोर आला की ओहोटीबरोबर परत समुद्रात जातात. सातपाटी, मुरबे, डहाणूच्या होड्यांना पुढे जी मोठी कोळंबी मिळते तिच्यातली पुष्कळ अशी खाडीत वाढलेली. म्हणजे तुमच्या पागात आली ती अर्ध्या वाटेवरची आहे. पाग परत टाकण्याआधी एवढं मनात आलं पाहिजे. दहा पुरत असतील तर दहाच घ्याव्यात. टबातल्या प्राणवायूचंही म्हणणं तेच असतं. दाटी झाली की आधी पाणी जातं आणि मग सगळीच जातात. एखादी मेलीच तर तिला लगेच बाहेर काढा, कारण कुजताना ती उरलेल्यांचा प्राणवायू खाते. कवच टाकलेली, मऊ पडलेली एखादी दिसली तर तिला लपायला पाइपाचा तुकडा किंवा तिवराची डहाळी द्या, नाहीतर बाकीच्या तिला खातात.

आता डोळे मिटा, आणि टब मोठा होऊ द्या. त्याच्या भिंती मागे सरकवा. तळाला गाळ येऊ द्या, कडेला तिवरं येऊ द्या, आणि पाणी चढू-उतरू द्या. आपल्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्या वेळी समुद्राचं पाणी खाडीच्या शेवटच्या वळणापर्यंत जातं आणि साधारण सव्वासहा तासांत उतरतं. उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरतीची उंची वाढत जाते. आपल्या किनाऱ्यावर म्हणून उधाणाला पाणी एवढं चढतं आणि ओहोटीला एवढं लांब जातं. खाडीचा मळ उचलायला हा दिवसातून दोनदा येणारा हात आहे, आणि पचवायला चिखलातले तेच जिवाणू, तुमच्या स्पंजातले.

त्या हातालाही मर्यादा आहे. तुमच्या टबातलं काढलेलं पाणी मोरीत जातं, मोरीतून नाल्यात, नाल्यातून खाडीत. तेवढं ती सहज पचवते. पण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हजारावर कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यात वर होतं, म्हणजे सगळ्यात प्रदूषित. प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं, आणि ती प्रक्रिया पुरेशी होत नाही ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ती राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. जानेवारी २०२२मध्ये लवादाने कारखान्यांवर पर्यावरण भरपाई बसवण्याचा आदेश दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. माशांवर पोट असलेल्या माणसांनी एवढी वर्षं कज्जा चालवणं सोपं नसतं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा टब राखणाऱ्याला लगेच कळावा असा आहे. पाण्यात काय सोडलं जातं, ते कोण पचवतं, आणि पचलं नाही तर ते कुठे जातं, हे तीनच प्रश्न आहेत. टबात पाणी बिघडलं तर तुम्ही खाडीतून दुसरं आणता. खाडीसाठी दुसरं पाणी आणायला जागा नाही.

२०२३मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. सातपाटीचा पापलेट नावाजलेला आहे, म्हणून या जिल्ह्याला त्याचा आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मानाचा मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याची मोजणी दर महिन्याला गावाच्या फळ्यावर लागली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. प्राणवायू किती, अमोनिया किती, तापमान किती. टबासाठी या तीनही गोष्टी मोजायचं साधन आज मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. कुणी शिक्षक मुलांना घेऊन महिन्यातून एकदा खाडीवर गेला आणि तीन आकडे वहीत लिहून ठेवले, तरी दहा वर्षांनी त्या वहीला वजन येईल.

डोळे उघडा. टब होता तेवढाच आहे. पंपाचा आवाज ऐका, बुडबुडे पाहा, मिशा हलताहेत ते पाहा. झाकण अर्धं ओढून घ्या, वर ओलं फडकं टाका, आणि झोपायला जा.

सकाळी गरवून झाल्यावर खोक्यात कोळंबी उरली तर तिला खोक्यातच मरू देऊ नका. जिथून आणली त्याच खाडीत, पाणी चढत असताना, तिवरांच्या मुळांशी सोडा. आधी खोक्यात थोडं थोडं खाडीचं पाणी घालून तिला सवय होऊ द्या. दुसऱ्या खाडीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. आणि आमिष म्हणून बाजारातली किंवा कोळंबी प्रकल्पातली जिवंत कोळंबी घेतली असेल, तर ती खाडीत सोडायचीच नाही. प्रकल्पांत सध्या वाढवतात ती वनामी पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची आहे, भारतात तिच्या शेतीला २००९मध्ये परवानगी मिळाली, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तळ्यातल्या कोळंबीकडून खाडीतल्या कोळंबीला लागू शकतो. ती उरली तर घरी न्या आणि शिजवून खा.